पडद्यामागच्या अकरा गाड्या

बसा. दार लोटून घ्या, कडी नका लावू. आणि ते फोन उलटे ठेवा बघू. मध्येच कुणाच्या तोंडावर उजेड पडला तर मी गोष्ट तिथंच टाकून झोपायला जाईन, मग बसा रात्रभर तळमळत. गोष्ट म्हणतो खरा, पण ही घडलेली आहे. ज्याच्या बाबतीत घडली तो माझा मित्र. घड्याळं दुरुस्त करायचा, म्हणून सगळे त्याला घड्याळजीच म्हणायचे. रागावली की त्याची बायकोसुद्धा. माणूस नेमका, तिरसट, आणि थाप मारायची म्हटली तरी त्याला जमायची नाही.

तर शुक्रवार होता. संध्याकाळी पाचला दुकानाचं शटर ओढून घड्याळजी टेम्पो घेऊन कंपाउंडरच्या घरी गेला. सामान आणायचं होतं. कंपाउंडर म्हणजे त्याचा जिवलग. चाळीस वर्षं एकाच दवाखान्यात औषधं देत बसला आणि मार्चमध्ये झोपेतच गेला. या दोघांना वेड एकच, छोट्या आगगाड्यांचं. हसू नका. बोटभर उंचीच्या गाड्या, पण शिट्टीपासून ब्रेकपर्यंत खऱ्यासारख्या. बावीस वर्षं खपून दोघांनी एक आख्खा देखावा उभा केला होता. चौदा हात लांब, कमरेइतका उंच. त्यात स्टेशन, पूल, डोंगर, बोगदा. दरवर्षी गावातल्या वाचनालयाच्या हॉलमध्ये शनिवार-रविवार छंदांचं प्रदर्शन भरायचं, तिथं तो मांडायचे. लहान मुलं तिथून हलायची नाहीत, आणि खरं सांगायचं तर त्यांचे बापही.

कंपाउंडरच्या बायकोनं खोके बाहेर काढूनच ठेवले होते. घड्याळजीनं ते टेम्पोत चढवले. निघताना ती म्हणाली, "भावजी, एक विचारू? तुमचं दोघांचं शेवटचं बोलणं काय झालं?"

"नेहमीचंच, वहिनी. गाड्यांचं."

"बावीस वर्षं जायचे तिथं, पण मी कधी आलेच नाही. ते म्हणायचे, मी पडद्यामागे असतो, तू येऊन बघणार काय? या रविवारी येते मी. त्यांची जागा तरी बघते."

घड्याळजी हो म्हणाला आणि टेम्पोत जाऊन बसला. तिच्याकडे बघायचं मात्र त्यानं टाळलं.

का, ते सांगतो. बोगद्याच्या मागे एक काळा पडदा असायचा. पडद्याच्या पुढे लोकांना दिसणारं स्टेशन, त्यात तीन रूळ. मागे कुणालाच न दिसणारं यार्ड, त्यात अकरा रूळ आणि अकरा गाड्या उभ्या. पुढे घड्याळजी उभा राहायचा, लोकांशी बोलायचा, टाळ्या घ्यायचा. मागे कंपाउंडर स्टुलावर बसायचा. दोघांना एकमेकांचं तोंड दिसायचं नाही, म्हणून दोन घंट्या होत्या, पुढचं बटण दाबलं की मागची वाजायची, मागचं दाबलं की पुढची. पुढच्यानं एकदा वाजवली की 'गाडी दे'. मागच्यानं दोनदा वाजवली की 'दिली'. पुढच्यानं तीनदा म्हणजे 'परत पाठवतोय'. आणि एक नियम होता, देवाच्या शपथेसारखा पक्का. पुढचे तिन्ही रूळ भरले की चौथी गाडी द्यायची नाही. चुकून मागितली तरी मागच्यानं गप्प राहायचं. उत्तर नाही म्हणजे 'नाही'. शिवाय मागच्यानं पडदा सारून पुढे डोकवायचं नाही, हिशेब मनात ठेवायचा.

कंपाउंडर बोलताना अडखळायचा. त्यामुळे ही घंटीची भाषा त्याला फार मानवली होती. पण गेल्या वर्षी, रविवारी दुपारी, तो पडदा सारून पुढे आला. ही गर्दी होती समोर. म्हणाला, "या... या वर्षी एक तास म... मी पुढे उभा राहू का? पुढनं कसं दिसतं, ब... बघितलंच नाही कधी."

घड्याळजी म्हणाला, "तू बोलायला लागलास तर तुझं वाक्य संपेपर्यंत गाडी सुटून जाईल."

लोक हसले. कंपाउंडरही हसला आणि मागे जाऊन बसला. त्या दिवशी त्यानं एकही गाडी चुकवली नाही. पुढं आजार, मग दवाखाना, मग मार्च. माफी मागायची राहून गेली. रोज उद्या-उद्या करत राहिलं की असंच होतं. हे तुम्हालाही सांगतोय हं, नुसती मान हलवू नका.

शनिवारी प्रदर्शन लागलं. मागे बसायला कंपाउंडरची लेक आली होती. बँकेत नोकरी करणारी, हुशार पोरगी. दिवसभर तिनं गाड्या बिनचूक दिल्या. पण साडेआठला बोगद्यातच गडबड झाली. गाड्या तिथं येऊन अडायला लागल्या, आणि मागची घंटीही मुकी झाली. नऊला हॉल रिकामा झाला. लेक म्हणाली, "काका, उद्या सकाळी बघू. आई यायची आहे, दमू नका."

"तू जा. मी एवढं करून येतो."

वॉचमननं बाहेरून कुलूप लावलं, किल्ली घेतली आणि फाटकाशी जाऊन बसला. झालं की फोन करा, म्हणाला. घड्याळजीनं मोठे दिवे घालवले, एक टेबलावरचा दिवा ठेवला आणि कामाला लागला. रूळ साफ केले. बोगद्यातली तुटलेली तार जोडली. पडद्यामागे जाऊन अकरा गाड्या अकरा रुळांवर नीट लावल्या. स्टेशन मोकळं ठेवलं. मग मागच्या घंटीची तार सोडवली आणि तिचं टोक ओढत पुढे घेऊन आला, उजेडात सोल्डरचा डाग द्यायला.

घड्याळजीच्या मनगटावर तेव्हा अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. वेळ त्यानंच सांगितली, आणि तो वेळेत चुकायचा नाही.

डाग देण्याआधी रूळ चालतात का बघावं, म्हणून त्यानं हात पुढे केला. आणि बावीस वर्षांची सवय. कळायच्या आत बोटानं घंटीचं बटण दाबलं.

एकदा. 'गाडी दे'.

त्याला स्वतःचंच हसू आलं. मागे आहे कोण द्यायला?

तोच त्याच्यासमोरच्या घंटीवर पडद्यामागून उत्तर आलं. दोन ठोके.

मागच्या घंटीची तार अजून त्याच्या डाव्या हातात होती. टोक सुटं...

बोगद्यातून गाडी बाहेर आली. सावकाश. पुलावरून आली. पहिल्या फलाटाला लागली. थांबली.

घड्याळजीनं तार खाली ठेवली. शॉर्टसर्किट असेल, असं मोठ्यांदा म्हणाला. आपला आवाज ऐकून त्यालाच बरं वाटलं नाही. टेबलावरचा दिवा उचलून तो पडद्यामागे गेला.

कुणी नव्हतं. स्टूल होतं. दहा गाड्या उभ्या होत्या. एक रूळ रिकामा होता.

तो वळला. आता बाहेर पडायचं, वॉचमनला फोन करायचा, घरी जायचं. वळला, आणि त्याच्या कानाशी मागची घंटी वाजली.

एकदा.

मागची घंटी, पोरांनो. म्हणजे बटण पुढून दाबलं होतं. पुढे, जिथून तो आत्ताच आला होता.

घड्याळजीची पाचावर धारण बसली. पडदा हाताच्या अंतरावर होता. सारला असता तर दिसलं असतं, जे काय असेल ते. त्याचा हात उठेना. मग हळूच म्हणाला,

"तू पुढे आहेस का रे?"

...

"पुढनं बघायचं होतं ना तुला. बघ."

...

घंटी वाजली. एकदा. घाई नाही, राग नाही. नुसती मागणी.

घड्याळजी स्टुलावर बसला. जन्मात पहिल्यांदा. तिथं किती कोंदट होतं ते त्याला तेव्हा कळलं. समोर काळं कापड, पाठीला भिंत, काही म्हणजे काही दिसत नाही. या जागी आपण एका माणसाला बावीस वर्षं बसवलं. त्याला स्वतःची लाज वाटली, भीतीपेक्षा जास्त. त्यानं दोन ठोके दिले आणि दुसरी गाडी सोडली. बोगद्यातून गेलेली ऐकली. पुलावर आवाज बदलला. फलाटाला थांबली.

एकदा.

तिसरी दिली.

तीन झाल्या. तिन्ही रूळ भरले. आता तीन ठोके यायला हवेत, एक तरी गाडी परत यायला हवी. तो वाट बघत बसला.

घंटी वाजली. एकदा.

'गाडी दे'.

नियम ठाऊक होता. जागा नाही, उत्तर द्यायचं नाही. गाडी दिली तर उभ्या गाडीवर आदळणार. आपल्या हातांनी केलेल्या गाड्या, वर्ष-वर्ष लागलंय एकेकीला. त्यानं हात मांडीवर ठेवले. गप्प राहिला.

मिनिट गेलं.

पुन्हा एकदा. तितकीच हळू.

आणि त्याला गर्दी आठवली. हसलेले लोक आठवले. या माणसाला पुन्हा नाही म्हणायला त्याच्याकडे तोंड उरलं नव्हतं. त्यानं दोन ठोके दिले, चौथी गाडी सोडली आणि डोळे गच्च मिटले.

बोगदा.

पूल.

स्टेशन...

आदळली नाही.

थांबलीही नाही. चाकांचा आवाज पुढे गेला. स्टेशनच्या पुढे काही नव्हतंच, तिथं देखाव्याची फळी संपत होती, खाली जमीन. आवाज मात्र पुढे गेला. मग खाली उतरला. मग कशावर तरी कठीण वाजू लागला. लांब गेला. लांब... आणि ऐकू येईनासा झाला.

एकदा.

पाचवी.

एकदा.

सहावी.

त्यानं विचार करायचं सोडून दिलं. मागेल तशी देत गेला. घामानं सदरा पाठीला चिकटला होता. सातवी. आठवी. प्रत्येक वेळी तेच. बोगदा, पूल, मग तो लांब जाणारा आवाज. नववी. दहावी. अकरावी देताना त्यानं बोट बटणावरून उचलून पुन्हा ठेवलं, कारण तिच्यानंतर द्यायला काही उरणार नव्हतं.

तीही गेली.

"संपल्या रे," तो म्हणाला. "आता परत पाठव."

तो तीन ठोक्यांची वाट बघत राहिला. बारा वाजले. एक वाजला. तीन ठोके आले नाहीत. पडद्यापलीकडे कुणी श्वाससुद्धा घेत नव्हतं. घड्याळजी स्टुलावरून उठला नाही, फोन केला नाही. न जाणो, ठोके यायचे आणि आपण जागेवर नसायचो. नुसत्या वाट बघण्यात उजाडलं.

सकाळी आठला वॉचमननं कुलूप काढलं. शिव्या घालतच आला बिचारा, रात्रभर फोनची वाट बघून. कुलूप जसंच्या तसं होतं, खिडक्यांच्या कड्या लागलेल्या. त्याच्यामागून कंपाउंडरची बायको आणि लेक आल्या. गर्दी व्हायच्या आत बघावं, म्हणून लवकर.

लेकीनं पडदा सारला. आत घड्याळजी बसलेला, डोळे लाल, बोट घंटीच्या बटणावर. मागचं यार्ड रिकामं. तिनं पुढे जाऊन पाहिलं. तिन्ही फलाट रिकामे. पुलावर नाही, बोगद्यात नाही. अख्ख्या देखाव्यावर एक चाक उरलं नव्हतं.

"काका, गाड्या कुठे आहेत?"

घड्याळजीनं सगळं सांगितलं. कंपाउंडरच्या बायकोसमोर, वॉचमनसमोर, गेल्या वर्षीच्या त्या वाक्यासकट. ते वाक्य सांगताना रडला. मग म्हणाला, "वहिनी, मी त्याला फक्त बघायला बोलावलं होतं."

ती खाली बघत होती.

त्या हॉलला काळ्या दगडाची जुनी फरशी आहे. त्या फरशीवर, जिथं फळी संपते बरोबर त्याच्याखालून, दोन रेघा निघाल्या होत्या. शेजारी शेजारी, दीड बोटाच्या अंतरानं. खडूच्या नाहीत, रंगाच्या नाहीत. दगडात किंचित उतरलेल्या आणि चकाकणाऱ्या, रोजच्या वापरातले रूळ चकाकतात तशा. खुर्च्यांच्या मधून सरळ दारापर्यंत गेल्या होत्या.

लेकीनं रुमालानं पुसून पाहिल्या, गेल्या नाहीत. झाडणाऱ्या बाईनं पुढं कितीदा तरी घासल्या. मी स्वतः वाकून त्यांच्यावरून बोट फिरवलंय. गार लागतात.

कंपाउंडरची बायको त्या रेघांच्या कडेकडेनं चालत गेली, त्यांच्यावर पाय पडू न देता. दाराशी पोचली. उंबऱ्यावरही रेघा होत्या. बाहेरच्या तीन पायऱ्यांवरही होत्या. शेवटच्या पायरीवरून त्या डावीकडे वळल्या होत्या आणि पुढे मातीचा रस्ता लागत होता. मातीत काहीच उमटलेलं नव्हतं.