एक पैंजण डोंगराच्या माथी

"निवडुंग उजवीला, पायरी डाव्या हाती,
एक पैंजण माझ्या पायी, एक डोंगराच्या माथी!"

विजयमाला अगदी लहान असताना आई तिला थोपटत हे गुणगुणायची. आज भैरोबाच्या सुळक्याखाली घामाघूम उभी असताना तो आवाज तिच्या कानात पुन्हा घुमला. कारण समोर निवडुंग होता, आणि सयाजीमामा त्यात अडकले होते!

"मामा, वाट चुकली वाटतं!" तिच्याबरोबर सांगलीहून सुट्टीला आलेला वर्गमित्र जिनदत्त म्हणाला.

"चुकंल कशी? फौजेत हवालदार हुतो मी!" मामांनी पँटीतला काटा उपटला. "आयायायं! ही शत्रूला चकवायची वाट हाय."

"शत्रू कुठं हाय, आबा?" मामांचा धाकटा मुलगा गुंडा यानं विचारलं.

"गप रं! हितनंच नमस्कार करा, आन् चला माघारी."

विजयमालाचा चेहरा उतरला. उद्या सकाळच्या एस.टी.नं सांगलीला परत! गावची रीत अशी, की पहिल्यांदा माथा गाठणाऱ्या पोरानं तिथली घंटा वाजवायची आणि अंगावरची एक वस्तू साखळीला बांधायची. मुलींना मात्र या निवडुंगापुढं मज्जाव! मामांचा चांदीचा करगोटा तिथं लटकतोय, हे तर त्यांनी गावातल्या म्हशींनाही सांगून झालं होतं.

"मग करगोटा तरी दाखवा ना!" ती म्हणाली.

"बूट चावतोय गं," मामा मटकन खाली बसले.

"करगोट्याचं नाव काढलं की बूट चावतो!" जिनदत्त कुजबुजला. "काहीतरी गडबड आहे!"

विजयमालानं खाडकन सलाम ठोकला. "हवालदारसाहेब! तुम्ही इथं पहारा द्या. आम्ही टेहळणी करून येतो!"

मामांची छाती फुगली. "टेहळणीला परवानगी हाय! दौड के चल!"

आपण काय बोलून बसलो हे त्यांना उमगेपर्यंत तिघं पसार झाली होती!

निवडुंगाच्या डावीकडं वाळकं गवत बाजूला सारताच कातळात खोदलेल्या पायऱ्या दिसल्या. आईचं गाणं खरं होतं!

"चला लवकर!" जिनदत्त धापा टाकत म्हणाला. "मी जैन, मला सूर्य मावळायच्या आत जेवायचंय."

"अरे, अजून दुपार आहे!"

"तेच म्हणतो मी! भूक आत्ताच लागलीय!"

शेवटचा कातळ चढताना गुडघे सोलवटले, वाऱ्यानं केस उडाले, आणि माथा आला! घंटेच्या साखळीला ताईत होते, कडी होती. करगोटा कुठंच नव्हता! पण काळवंडलेलं एक इवलंसं पैंजण होतं. त्याचाच जोडीदार आईच्या ट्रंकेत एकटाच पडलेला असायचा.

विजयमालानं वेणीची रिबीन सोडून त्याच्याशेजारी बांधली. घण्ण! सगळं खोरं दणाणलं.

संध्याकाळी पारावर गाव जमलं होतं. सुट्टीला माहेरी आलेली विजयमालाची आईही तिथं होती.

"शाब्बास पोरी!" म्हातारे तात्याबा म्हणाले. "आता कुठल्याच पोरीला अडवायचं न्हाई. मामावर गेलीया बघ!"

विजयमालानं तोंड उघडलं, पण आईनं हळूच नकारार्थी मान हलवली. इतकी वर्षं ती अशीच गप्प राहिली होती, भावाचा तोरा राहावा म्हणून.

मामांनी बूट काढले. घसा खाकरला.

"आवं तात्याबा, मामावर न्हाई, ती आईवर गेलीया. लहानपणी त्या दिवशीबी मी निवडुंगातच अडकलो हुतो. घंटा आमच्या अंजीनं वाजवली हुती!"