आबाजींचा परवाना डिसेंबरपर्यंत होता

यातलं काहीही मी रचलेलं नाही. रचायचंच असतं तर भूत निदान रात्रीचं आणलं असतं.

हे घडलं भर दुपारी. चिंचवडला. रविवार, ६ ऑक्टोबर १९५७.

हौशी रेडिओचा परवाना मला मिळाला होता. म्हणजे घरच्या यंत्रावरून, मोर्सच्या टिकटिकीत, जगाशी बोलायची मुभा.

जग सोडा. आमच्या मंडळातले पाच जणही बोलेनात.

मंडळाचा नियम असा, की कुणाशी तरी पहिलं बोलणं व्हावं, त्याची पोच म्हणून कार्ड यावं, मगच नव्या माणसाला खुर्ची. तोवर उभं राहायचं.

मी चार महिने उभा होतो.

"दौलतराव, काल तासभर हाक मारली. ऐकू आली का?" मी चिटणिसांना विचारलं.

"आली की. पण फार सावकाश वाजवतोस राव. मला मधेच झोप लागली."

"मग उत्तर?"

"तुझा हात बसला की देऊ."

उत्तर मिळाल्याशिवाय हात कसा बसणार, ते नियमात नव्हतं. दिवाळीच्या बैठकीपर्यंत कार्ड आलं नाही तर नाव कटणार, हे मात्र होतं.

त्या दुपारी हाक मारता मारता वीज गेली.

समोरची पिठाची गिरणी थांबली. यंत्रातला दिवा विझला.

मी वैतागून तरीही मोर्सचं बटण बडवत राहिलो. नुसतंच.

आणि कानावरच्या हेडफोनमध्ये...

टिक. टिक. टिऽऽक.

सावकाश. अगदी माझ्याच चालीनं.

"या. स्वागत. घाई नको."

मी नाव विचारलं.

"आबाजी. काळेवाडी."

शेवटची रेघ, म्हणजे मोर्सची लांब टिक, जरा जास्तच लांब... घसरल्यासारखी.

वीज नाही हे तेव्हा माझ्या ध्यानातच राहिलं नाही. मी वाजवलं, "कार्ड पाठवा."

गिरणी सुरू झाली. आवाज गेला.

बुधवारी दाराखाली कार्ड होतं. तारीख बरोबर. वेळ बरोबर.

टपालाचं तिकीट नव्हतं. शिक्काही नव्हता...

बैठकीत कार्ड हातोहात फिरलं.

"शेवटची रेघ लांब होती का रे?" मंडळातल्या जुन्या बबनरावांनी हळूच विचारलं.

"हो. घसरल्यासारखी."

"कारखान्यातल्या प्रेसमध्ये बोट गेलं तेव्हापासून आबाजींचं तसंच होतं. मंडळ त्यांनीच काढलं. नव्याला पहिलं उत्तर तेच द्यायचे. गुढीपाडव्याला गेले. तू यायच्या आधी."

दौलतराव नियमांची वही चाळत होते.

"परवाना कधीपर्यंत होता त्यांचा?"

"डिसेंबर."

"मग बसतंय नियमात."

मला खुर्ची मिळाली. रिकामी एकच होती.

मी तिला टेकून बसत नाही. पाठ कोमट लागते... नुकतंच कुणी उठून गेल्यासारखी.

यंदा मार्चमध्ये निघोज्याच्या ज्योतीरामनं पहिली हाक मारली. नवा माणूस. अडखळत वाजवत होता. म्हटलं, याला तरी उभं ठेवायचं नाही. मी बटणाकडे हात नेला.

बटण आधीच खाली गेलं...

टिक. टिक. टिऽऽक.

मी दौलतरावांकडे पळालो.

"डिसेंबर उलटलाय," ते म्हणाले. "हे विनापरवाना झालं. यंत्र तुझं, जबाबदारी तुझी. थांबव त्यांना. नाहीतर खुर्ची सोड."

तेव्हापासून मी रोज दुपारी वाजवतो, "आबाजी, नव्यांना मी उत्तर देतो. तुम्ही आता बसा."

रोज उत्तर येतं. सावकाश. माझ्याच चालीनं...

"कुठे?"