दादाने बसवलेले शेवटचे पॅड

ही गोष्ट खरी आहे. असं सगळेच म्हणतात, म्हणून मी शपथ-बिपथ घेत नाही. मी गॅरेजात ब्रेकचं काम करणारा माणूस. जे हाताला लागत नाही, त्यावर माझा कधी विश्वास नव्हता.

हे माझ्या हाताला लागलं. भर दुपारी, लेत्रासच्या घाटात, ड्रायव्हरांची राखण करणाऱ्या कार्मेन मातेच्या सणानंतर चारेक दिवसांनी.

सणाच्या दिवशी आमच्या मानिसालेस शहरातले झाडून सगळे ड्रायव्हर गाड्या सजवून, हॉर्न वाजवत चर्चसमोर नेतात आणि पाद्री गाड्यांवर तीर्थ शिंपडतो. माझी वहिनी एदिल्मा हिची पांढरी व्हॅनही रांगेत होती. पोरं फुगे बघत होती. मी गाड्यांची चाकं बघत होतो, सवयच तशी.

ब्रेक लावला की पॅड डिस्कवर घासून झिजतो आणि त्याची काळी पूड रिमवर बसते. रांगेतल्या प्रत्येक गाडीच्या रिम काळ्या होत्या.

वहिनीच्या गाडीच्या रिमवर मी बोट फिरवलं...

बोटाला काहीच लागलं नाही.

सणासाठी धुतली असेल, असं मी मनाला समजावलं. पण ती घाट उतरून, परत चढून, थेट मिरवणुकीत आली होती. मागे चीजचे रिकामे क्रेट तसेच होते.

आता दादाबद्दल सांगायला हवं. आर्सेसियो, माझा थोरला भाऊ, वहिनीचा नवरा. ब्रेक म्हणजे त्याचा प्राण, आणि वहिनीच्या व्हॅनच्या बाबतीत तर त्याचे नखरे विचारू नका. ती व्हॅन चीजने भरून लेत्रासवरून खाली मारिकीताला जाते. वर हाडं गोठवणारी थंडी, खाली आंबे पिकवणारा उकाडा, आणि मध्ये नुसता उतार. एकदा मी तिच्यासाठी मऊ, आवाज न करणारे पॅड आणले. दुकानदाराने गोड बोलून गळ्यात मारले होते.

"हे शहरातल्या डॉक्टरीणबाईंना दे," दादा म्हणाला. "भरल्या गाडीला धातू मिसळलेले पॅड लागतात, डोरान्से. गुरगुरतात, पण तापले तरी पकड सोडत नाहीत."

"आणि भोकांच्या डिस्क? दिसतात काय झकास!"

"चाळणी कॉफीला लागते. घाटात तापली की भोकापासूनच तडकते. साधी, जाड डिस्क आण, आतून वारा खेळणारी."

असा होता. लोकांच्या ब्रेकची पूड हवा मारून उडवता उडवता ती त्याच्याच छातीत कधी जाऊन बसली, कळलं नाही. शेवटी दोन पायऱ्या चढला तरी धापा टाकायचा. तशा अवस्थेत, उलट्या क्रेटवर बसून, त्याने वहिनीच्या गाडीला नवे पॅड बसवले. मला पान्याला हात लावू दिला नाही.

त्यानंतर त्याच्या हातून दुसरं काम झालं नाही.

वर्ष उलटून गेलं. आमच्या घाटात भरल्या गाडीचे पॅड सहा-सात महिने टिकले तरी देव पावला म्हणायचं. पण वहिनी गाडी गॅरेजात आणायचं नाव काढेना.

"वहिनी, पॅड बघू द्या."

"चांगले आहेत."

"न बघताच?"

"ह्यांनी बसवलेत ते."

"म्हणून काय जन्मभर पुरणार आहेत?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "तुम्ही ते काढाल आणि भंगारात टाकाल. त्यांच्या हातचं तेवढंच उरलंय माझ्याकडे, भावजी. शर्टांनाही आता वास राहिला नाही."

मी विषय सोडला. पण माझी झोप उडाली. पॅड संपला की मागचा पत्रा डिस्कवर घासतो, आणि भरलेली व्हॅन उतारावर थांबत नाही. आमच्या घराने एक मयत पाहिली होती, तेवढी पुरे होती.

पॅडला एक बारीक पट्टी असते. पॅड संपत आला की ती डिस्कला घासून किंचाळते. वहिनीची गाडी गल्लीत शिरली की मी कान लावून बसायचो. आज किंचाळेल, उद्या किंचाळेल...

ती कधीच किंचाळली नाही.

म्हणून सणानंतर एके दिवशी क्रेट उतरवायला मदत करतो म्हणून मी तिच्या गाडीत बसलो. पायाशी पिशवी ठेवली.

"पिशवीत काय आहे?" वहिनीने विचारलं.

"जेवण."

"लोखंडाचं?"

मी पिशवी पायाने आत सरकवली. तिने हसून गाडी सुरू केली.

खिंडीत धुकं इतकं दाट होतं, की पुढच्या ट्रकचे फक्त लाल दिवे दिसत होते. उतार सुरू झाला. पहिलं वळण आलं. वहिनीने पेडल दाबलं.

गाडी अलगद हळू झाली.

पण आवाज नाही. गुरगुर नाही, घासणं नाही... काहीच नाही.

मी काच खाली केली. दुसरं वळण आलं. तिने पेडल दाबलं...

आणि डाव्या चाकातून कोणीतरी धाप टाकली.

लोखंडाचा प्रत्येक आवाज मला कळतो. हा लोखंडाचा नव्हता. छातीतून घरघरत वर येणारा, अर्ध्यात अडकणारा श्वास होता. तिने पेडल सोडलं, श्वास थांबला. पुढचं वळण... पुन्हा तेच.

तो श्वास मी भिंतीपलीकडून कित्येक रात्री ऐकला होता.

मी वहिनीकडे पाहिलं. ती समोर बघत होती. चेहऱ्यावर हसू होतं.

"तुम्हालाही ऐकू आलं?" ती हळूच म्हणाली. "मला वाटलं, मलाच येतं. रोज सोबत असतात. उतार लागला की येतात, सपाटी आली की जातात. कोणाला सांगितलं नाही मी. वेडी म्हणाले असते."

मी काच वर केली.

घाटाच्या मध्यावर थोडी सपाटी आहे, तिथे एलादियोकाकांची टपरी आहे. गुळाचं गरम पाणी आणि चीज मिळतं, आणि काका रस्त्याकडेला उभे राहून रबरी पाइपने गाड्यांच्या तापलेल्या चाकांवर पाणी मारतात. त्या रस्त्याची रीतच आहे ती. आमच्या पुढच्या ट्रकवर पाणी पडलं तशी चर्र करून वाफ छपरापर्यंत गेली.

काकांनी पाइप आमच्याकडे वळवला. "आर्सेसियो असता तर आत्ता माझ्या अंगावर आला असता," ते हसत म्हणाले. "तापल्या डिस्कवर गार पाणी टाकून तू त्या वाकड्या करतोस म्हाताऱ्या, आणि गिऱ्हाईक माझ्याकडे धाडतोस, म्हणायचा!"

पाणी चाकावर पडलं...

चर्र नाही. वाफ नाही. पाणी नुसतं ओघळून गेलं.

काकांचं हसू मावळलं. त्यांनी वाकून रिमच्या फटीतून आत डिस्कला हात लावला आणि झटक्यात मागे घेतला.

"पोरी, हे तर बर्फासारखं गार आहे. एवढा घाट ब्रेक न लावता उतरलीस की काय?"

मी पिशवी उघडली. कोणाला विचारलं नाही. जॅक लावला, चाक काढलं. डिस्क आरशासारखी चकचकीत होती, एक ओरखडा नाही. मग मी पॅड ओढून बाहेर काढले...

पॅड नव्हतेच.

हातात आले ते नुसते पत्रे. आणि डिस्कला घासणाऱ्या बाजूवर जुना, तांबडा गंज. म्हणजे कित्येक महिन्यांत ते पत्रे डिस्कला टेकलेसुद्धा नव्हते. दुसऱ्या चाकातही तेच.

"मग गाडी थांबवत कोण होतं?" एलादियोकाकांनी विचारलं.

वहिनी चाकाजवळ ओल्या रस्त्यावरच बसली. तिला माझ्याआधी कळलं होतं.

"मला वाटायचं, सोबतीला येतात," ती म्हणाली. "मी गप्पा मारायचे त्यांच्याशी उतरताना. आणि ते गाडी धरून ठेवत होते? तसल्या छातीने?"

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"मी क्रेट वाढवत गेले, भावजी. गाडी छान थांबते म्हणून दर महिन्याला वाढवत गेले..."

मग ती रडली. दादा गेला तेव्हाही अशी रडली नव्हती. मीही रडलो, खोटं कशाला सांगू.

बऱ्याच वेळाने तिने तोंड पुसलं. "बसवा नवे. त्यांना दम लागलाय."

मी दोन्ही चाकांना पिशवीतले नवे पॅड बसवले. पण नवे पॅड घालून लगेच घाट उतरत नाहीत, ते आधी डिस्कवर बसवून घ्यावे लागतात. सपाटीवर थोडा वेग घ्यायचा, हलकेच दाबायचं, गाडी पूर्ण थांबायच्या आत सोडायचं. असं पुन्हा पुन्हा. ड्रायव्हरशेजारी बसून ते सांगायचं काम कायम दादाचं. त्या दिवशी माझ्यावर आलं.

"दाबा, वहिनी."

पॅड गुरगुरले.

"दाबा... दाबा..."

पुढचा शब्द होता 'सोडा'. तो शब्द तोंडातून काढला की सगळं संपणार होतं. मला बोलवेना.

"आता सोड."

वहिनीने पाय उचलला. गाडी पुढे गेली. डाव्या चाकाकडून एक लांब, मोकळा श्वास आला. त्यात घरघर नव्हती.

थोडं पुढे गेल्यावर वहिनी म्हणाली, "भावजी, तुम्ही मला आजवर कधी अगं-तुगं केलं नाही."

"नाही."

"मग आत्ता 'सोड' म्हणालात ते?"

मी काहीच म्हणालो नव्हतो.

बाकीचा घाटभर फक्त पॅड गुरगुरत राहिले.

त्यानंतर तो आवाज पुन्हा आला नाही. वहिनीच्या रिम आता काळ्या होतात. गाडी किंचाळली की ती गॅरेजात आणून लावते, क्रेटही बेताचेच भरते. मी नातेवाईकांना सांगितलं तर म्हणाले, धुक्यात भास होतात. असतीलही. पण गंजाचा कसला आलाय भास?

परवा पॅड बदलत होतो. वहिनी जवळ उभी होती.

"नीट थांबते ना गाडी?" मी विचारलं.

"थांबते." मग तिने रिमवरची काळी पूड बोटाने पुसली. "उतारावर फार एकटं वाटतं हो. भावजी, खरं सांगा... आपण त्यांना मोकळं केलं, की घराबाहेर काढलं?"

मी खाली मान घालून नट आवळत राहिलो.