दुसऱ्या टोकाची टिकटिक

आयल्सा विद्यापीठाच्या तळघरातल्या प्रयोगशाळेत आली ती फक्त लेझर बंद करायला. पाच मिनिटांचं काम. नऊ दिवसांपूर्वी तिचा नवरा लॉकी होडी घेऊन मासे धरायला गेला, तो परतलाच नव्हता. आज चार वाजता पोलीस शोध थांबवणार होते. घरी बसून घड्याळाकडे बघत राहणं तिच्यानं होईना.

दारातच म्हातारा मर्विन भेटला, तिथला तंत्रज्ञ.

"हा चीज रोल खा आधी. आणि आत दिवा लावू नकोस हं, डिटेक्टरचे डोळे फुटतील. तुझ्या नवऱ्यानं दोनदा फोडलेत."

"माझा नवरा..."

"येईल गं. निर्लज्ज आहे तो, बरोबर जेवायच्या वेळेला येईल," मर्विन म्हणाला, पण तिच्याकडे न बघता.

आत भरदुपारीही मिट्ट काळोख. तापलेल्या तारांचा वास, पंख्याची घरघर. टेबलावरच्या स्फटिकातून प्रकाशाचे कण जोडीजोडीनं निघतात. एक जातो हे कण टिपणाऱ्या इथल्या डिटेक्टरवर, दुसरा काचेच्या बारीक तारेतून टेकडीपलीकडे, लॉकीच्या प्रयोगाच्या खोलीतल्या डिटेक्टरवर. दोघे जोडीदार आपापल्या टोकाला पोचले की स्पीकर 'टिक्' करतो. अंधारात हात कामात गुंतलेले असतात, म्हणून या लोकांचा सगळा कारभार कानावर चालतो.

लॉकीच्या डिटेक्टरवर आता प्रकाश अडवणारी काळी टोपी होती. म्हणजे स्पीकर गप्प हवा.

टिक्. टिक्. टिक्.

"मर्विन! तिकडची टोपी काढलीस का रे?"

"छे! सकाळीच बघून आलो, घट्ट आहे. खोलीला कुलूप, किल्ली माझ्या खिशात." त्याची पावलं जिना चढून गेली.

टिकटिक दाट झाली, विरळ झाली, पुन्हा दाट झाली. लॉकी डिटेक्टरपुढची गोल काच हातानं हळूहळू फिरवायचा, तेव्हा अगदी अशीच ऐकू यायची. या जोड्यांमधून निरोप जात नाही, हे तिनं विद्यार्थ्यांना शंभरदा बजावलं होतं. गेलं खड्ड्यात ते शास्त्र!

"लॉकी... तू आहेस? जिवंत असशील तर... थांब."

टिकटिक थांबली.

तिनं धडपडत भिंतीवरचा फोन गाठला आणि शोध चालवणाऱ्या सार्जंट रेवीचा नंबर फिरवला. "सार्जंट, शोध थांबवू नका! तो जिवंत आहे! कुठेतरी अडकलाय, पण आहे!"

पलीकडे सार्जंट खाकरला.

"पोरी, मी तुलाच फोन लावत होतो. तुझा मोबाइल लागत नव्हता. लॉकी सापडला. एक वाजता, खडकात. मी शवागाराबाहेरच बसलोय... मन घट्ट कर."

"नाही! आत्ता थांबला तो. मी म्हटलं आणि थांबला!"

"आयल्सा..."

तेवढ्यात तिला ते ऐकू आलं. स्पीकरमधून नव्हे, फोनमधून. टिक्. टिक्.

"तुमच्याकडे तो आवाज कसला?"

"आतून येतोय. त्याचं घड्याळ असेल..." सार्जंट अडखळला. "नाही गं. त्याच्या हातात घड्याळ नव्हतं. मीच उचलून आणला ना त्याला."

दाट... विरळ... पुन्हा दाट.

"आत जा! त्याच्यावरचं कापड काढा! पाया पडते तुमच्या, सार्जंट, एकदा, एकदाच बघा!" ती ओक्साबोक्शी रडत होती.

बाक सरकल्याचा आवाज आला. बुटांची पावलं. दार करकरलं. आणि फोनमधली टिकटिक एकदम बंद झाली.

"सार्जंट...? काय दिसतंय?"

नुसता त्याचा श्वास, भराभर.

"सार्जंट, बोला ना..."

तिच्या पाठीमागे, काळोखात, टेबलावरचा स्पीकर पुन्हा सुरू झाला. दाट... विरळ... पुन्हा दाट.