फाट्याची प्लेट

कपाटाचं कुलूप शाबूत होतं. आतल्या काचा ओळीने खाचांत उभ्या होत्या. फक्त एक खाच रिकामी होती.

"हीच गेली," अनुपमा म्हणाली. "फाट्याची प्लेट."

फौजदार रामचंद्र परुळेकरांनी वाकून पाहिलं. मुलुंडच्या शास्त्री मार्गावर गाळ्यांची ही इमारत होती. खाली पुठ्ठ्याची खोकी बनत, आणि वरचा मजला एका संशोधन संस्थेने घेतला होता. पडदे ओढलेल्या खोलीत सूक्ष्मदर्शकांची रांग होती. बाहेरच्या बाकावर मालन बसली होती. तिथे काम करणारी. काल संध्याकाळी कपाट तिनेच बंद केलं होतं, आणि आज नेमकी तिची रजा होती. संस्थेच्या प्रमुखांनी, डॉक्टर चंद्रप्रकाश कीर्तन्यांनी, तक्रारीत तिचं नाव घातलं. हवालदार खंडूने तिला भांडुपच्या चाळीतून जीपमध्ये घालून आणलं.

संध्याकाळपर्यंत काच मिळाली नाही तर तिला अटक दाखवायची, असा वरून हुकूम होता.

"बाजारात या काचेचे काय येतील?" परुळेकरांनी विचारलं.

"काही नाही. भंगारवालासुद्धा घेणार नाही."

"मग चोरायची कशाला?"

अनुपमा इथे संशोधन करत होती. तिने कपाटातली दुसरी एक काच काढून दाखवली. "काचेवर जाड लेप असतो, फोटोच्या फिल्मवर असतो तसाच. या काचा युरोपातल्या एका मोठ्या यंत्रासमोर ठेवल्या होत्या. लेपातून कण गेला की रेघ उमटते. आम्ही दिवसभर रेघा बघतो. एखाद्या ठिकाणी कण फुटतो, रेघेला फाटे येतात."

परुळेकरांनी काच हातात घेतली. एक बाजू चकचकीत होती. दुसरी तपकिरी, मंद. पाहून झाल्यावर ते ती टेबलावर ठेवायला गेले.

"अहो, अहो! पालथी नको! लेप वर. नेहमी लेप वर."

"पालथी ठेवली तर काय होईल?"

"दमट हवेत लेप चिकटतो. उचलताना सोलून येतो. पहिल्या दिवशी हेच शिकवतात इथे. झोपेतसुद्धा कुणी पालथी ठेवणार नाही."

"आणि हरवलेल्या काचेत विशेष काय होतं?"

"एकामागोमाग दोन फाटे. ब्युटी नावाचा जड कण फुटला, त्यातून चार्म निघाला, तोही पुढे फुटला. सगळं तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत. असं क्वचितच सापडतं, साहेब. उद्या ते बघायला परदेशातून पाहुणे येतायत."

परुळेकर बाहेर आले. मालन उठून उभी राहिली.

"बस गं. किल्ली कुठे ठेवलीस?"

"सरांच्या खणात. रोज तिथेच ठेवते."

"सर होते तेव्हा?"

"खोलीतच होते. मी म्हटलं, सर, उद्या सुट्टी. सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, पट्टी बांधलीय, घरी कोणीतरी हवं."

"आणि काच?"

"काच नेऊन मी काय करू? खोलीला खिडकी बसवू?" तिचा आवाज चढला. "पिशवी बघा, डबा बघा. गेटवर रोज झडती होते आमची. सरांचीसुद्धा होते. मी काय पोटात घालून नेली?"

खंडू हसला. परुळेकरांनी पाहिल्यावर हसायचा थांबला.

गेटवरच्या रखवालदाराने तेच सांगितलं. कुणाच्याही सामानात काच गेली नव्हती. म्हणजे ती याच मजल्यावर होती. खंडूने कपाटं, खण, मोरी, माळा, सगळं पालथं घातलं. काच मिळाली नाही. परुळेकर व्हरांड्यात येरझाऱ्या घालत राहिले.

"साहेब, बसा की जरा," खंडू म्हणाला. "सकाळपासून पाय थांबले नाहीत तुमचे."

"बसलो की घर आठवतं," परुळेकर म्हणाले आणि डॉक्टरांच्या खोलीत शिरले.

कीर्तने खुर्चीत होते. दाढी वाढलेली. त्यांनी समोरची खुर्ची दाखवली, पण परुळेकर भिंतीपाशी गेले. तिथे एका बाईंचा फोटो होता. पिवळसर, जुना वाटणारा. त्याला झेंडूचा ताजा हार. समोरच्या खिडकीतून ऊन थेट फोटोवर येत होतं. बाईंचा चेहरा स्वच्छ दिसत होता.

"मिसेस?"

"विमला. इथेच काम करायची. दिवाळीनंतर गेली. तो फाटा तिनेच शोधलेला."

"फोटो केव्हाचा?"

"गेल्या वर्षीचा."

परुळेकर थोडा वेळ तिथेच उभे राहिले. पुढे सरकले, मागे सरकले.

"कपाटाची दुसरी किल्ली कुणाकडे असते?"

"माझ्याकडे. पण मी कशाला चोरू? माझ्याच बायकोचा शोध आहे तो."

"बरोबर आहे," परुळेकर म्हणाले.

त्यांनी व्हरांड्यात अनुपमाला गाठलं. "गेल्या काही दिवसांत त्या काचेवरून काही बोलणं झालं होतं?"

ती घुटमळली. "परवा मी सरांना म्हटलं होतं. दुसऱ्या फाट्यापाशी काळा ठिपका असल्यासारखं वाटतं. पाहुणे यायच्या आधी पुन्हा बघू या. सर म्हणाले, गरज नाही."

"ठिपका असला तर काय?"

"तर तिथे कण आपोआप फुटलेला नाही. नुसती टक्कर झाली. मग... मग तो शोध राहत नाही."

परुळेकरांनी सगळ्यांना डॉक्टरांच्या खोलीत बोलावलं. मालनलाही.

"चोर विकायला चोरतो," ते म्हणाले. "ही काच विकली जात नाही. म्हणजे कुणाला ती हवी होती असं नाही, ती कुणी बघायला नको होती. काच दिसली नाही तर काय अडतं? फक्त एक गोष्ट. पुन्हा तपासणं. तपासणी कुणी टाळली? डॉक्टर, तुम्ही."

"हा केवळ तर्क आहे."

"आहे. म्हणून मी फोटो बघत होतो." परुळेकर भिंतीकडे वळले. "माझी बायको उन्हाळ्यात गेली. रोज सकाळी तिच्या फोटोसमोर उभा राहतो. काचेत आधी माझंच थोबाड दिसतं, मग ती. जरा सरकलो की खिडकी दिसते. तिला नीट बघायचं तर मान वाकडी करावी लागते. इथे एवढं ऊन येतंय, मी मागेपुढे झालो, तरी मला मी दिसलो नाही. खिडकीही दिसली नाही. आणि गेल्या वर्षीचा फोटो इतका पिवळा?"

परुळेकरांनी फ्रेमवरच्या हाराकडे बोट दाखवलं.

"हार असलेल्या फोटोला माझा हवालदारही हात लावणार नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं. फोटोची मूळ काच काढून तुम्ही त्याच मापाची ही हरवलेली काच बसवलीत. दुसरा कुणी असता तर चकचकीत बाजू बाहेर ठेवली असती, आणि मी फसलो असतो. पण मग लेप फोटोला चिकटला असता. तुम्ही लेपाची मंद बाजू बाहेर ठेवलीत. उलटं ठेवायला तुमचा हात धजलाच नाही. खंडू, फ्रेम उतरव."

"थांबा," कीर्तने म्हणाले. "मी काढतो. तो कडेने धरणार नाही."

त्यांनी हार बाजूला केला, फ्रेमच्या मागचे खिळे उचकले, आणि काच अनुपमाच्या हातात दिली. फोटोचा रंग एकदम उजळला. विमलाबाई तरुण दिसायला लागल्या.

"फोडली का नाहीत?" परुळेकरांनी विचारलं.

"शेवटचे महिने ती याच काचेवर डोळे लावून बसायची. शोधनिबंधात तिचं नाव पहिलं जाणार होतं. मग मी स्वतः पाहिलं. ठिपका आहे." त्यांनी चष्मा काढला. "हरवलेली काच कुणी खोटी ठरवत नाही, फौजदार."

"आणि मालन?"

"मला वाटलं, पुरावा नाही म्हणून तुम्ही तिला सोडून द्याल."

"सोडून दिलेल्या बाईला लोक काय म्हणतात, ते तुम्हाला माहीत नाही?"

कीर्तने मालनकडे वळले. "मालन, मला माफ..."

"इथे नको." मालनने हात आडवा केला. "विमलाताईंनी मला या कामाला लावलं. त्यांच्या तोंडावर लपवलीत तुम्ही, आणि बोट माझ्याकडे दाखवलंत. मला जीपमध्ये घातलं तेव्हा चाळीचे दोन्ही माळे बाहेर आले होते. तिथे चला. तिथे सांगा."

परुळेकरांनी टोपी घातली. "खोट्या तक्रारीचं काय ते ठाण्यात बघू. आधी भांडुप."

जीप चाळीच्या चौकात थांबली तेव्हा नळाला पाणी आलं होतं. बायका कळश्या सोडून उभ्या राहिल्या. कीर्तने खाली उतरले. मालन सासूजवळ जाऊन उभी राहिली. अंजनाबाई उंबऱ्यात बसल्या होत्या, एका डोळ्यावर पट्टी.

"काच मी लपवली," कीर्तने म्हणाले. "मालनने काही केलेलं नाही."

अंजनाबाईंनी उघडा डोळा त्यांच्यावर रोखला.

"जरा मोठ्यान सांगा," त्या म्हणाल्या. "वयल्या माळ्यार आयकाक येना नाय."

कीर्तन्यांनी मान वर केली आणि पुन्हा सुरुवात केली.