नरेलच्या गाडीचा पंप

जानेवारीतल्या, म्हणजे तिकडच्या ऐन उन्हाळ्यातल्या, दुपारी पेरेंटीच्या रोडहाऊसवर, त्या ओसाड रस्त्यावरच्या पेट्रोलपंप-खानावळीवर, कुणी शहाणा माणूस हातात पाना धरत नाही. मर्व लॉकयरही धरत नसे. साठी उलटलेला हा मेकॅनिक जेवण झालं की शेडमधल्या खुर्चीत पाय पसरून बसायचा, आणि दोनशे किलोमीटरांत दुसरा मेकॅनिक नसल्यामुळे त्याला कुणी काही बोलायचंही नाही. त्या दिवशी मात्र उत्तरेकडून आलेल्या एका ट्रकवाल्यानं निरोप आणला, की चाळीस किलोमीटरवर एक म्हातारी बाई गाडी बंद पडून बसली आहे. तिच्याजवळ पाणी आहे, पण गाडीच्या पेट्रोलटाकीतला पंप चालत नाही. गाडी कसली, म्हणून मर्वनं विचारलं. जुनी पांढरी पिकअप, ट्रकवाला म्हणाला, रस्त्याकडेला तो क्रूस आहे ना, बरोबर तिथंच.

ती गाडी मर्वला ठाऊक होती आणि ती म्हातारीही.

ग्लेनिस टकर दर जानेवारीत याच गाडीतून यायची. चार वर्षांपूर्वी तिची लेक नरेल त्या क्रुसाच्या जागी, त्याच गाडीच्या सावलीत, तहानेनं गेली होती. शोधायला गेलेल्यांत मर्व होता, म्हणून ग्लेनिस त्याच्यासाठी सुक्या फळांचा केक भाजून आणायची. मर्व तोंडभर आभार मानायचा आणि तिची पाठ फिरली की केक कोंबड्यांना घालायचा. एकदा एक तुकडा खाऊन पाहिला होता. घशाखाली उतरला नाही.

उतरणार कसा? त्या दिवशी नरेल त्याच्याकडे थांबली होती. तेव्हाही पंपच चालत नव्हता. नवा पंप टपालाच्या गाडीतून यायला तीन दिवस लागले असते आणि तिला दुसऱ्याच सकाळी वॉरगुलाच्या दवाखान्यात नर्स म्हणून रुजू व्हायचं होतं. मर्वनं गाडीखाली शिरून रबरी हातोड्यानं टाकीला तीन ठोके दिले. अडकलेला पंप असा कधीकधी सुटतो. तिकडचे सगळेच मेकॅनिक हे करतात, आणि मुक्कामाला पोचेपर्यंत इंजिन बंद करू नका म्हणून बजावतात. पंप सुटला. जाताना नरेल म्हणाली, "सहाला पोचल्याचा फोन करते. नाही आला तर माझ्या मागे ये." त्या मुलखातली ही साधी रीत आहे. निघणारा वेळ सांगून निघतो आणि कुणीतरी त्याच्या फोनची वाट बघत बसतं. मर्व हो म्हणाला. मग टीव्हीवर क्रिकेट लागलं, बिअर झाली, आणि सहा वाजता हा गृहस्थ खुर्चीत घोरत होता. सकाळी त्याला वाटलं, पोचली असेल. वाटेत पंप पुन्हा अडकला होता; तिसऱ्या दिवशी ती सापडली. पोलिसांनी विचारलं तेव्हा मर्व म्हणाला, बाईनं पेट्रोल भरलं आणि गेली, कुठं जाते ते काही बोलली नाही.

एवढंच खोटं. पण तेव्हापासून सगळा मुलूख म्हणत राहिला, की चांगली शिकलेली पोर, कुणाला न सांगता या रस्त्याला लागलीच कशी. आणि आईला ते ऐकून घ्यावं लागत होतं.

मर्व पोचला तेव्हा ग्लेनिस डोक्यावर हॅट ओढून गाडीच्या सावलीत बसली होती. जवळच्या क्रुसावर नवी कापडी फुलं बांधलेली होती.

"आलास बाबा," ती म्हणाली. "मला वाटलं, तुझी दुपारची झोप काही मोडायची नाही."

ती थट्टेनंच बोलली होती. मर्वला मात्र हसू आणणं जड गेलं. त्यानं लगेच कामाला हात घातला. ग्लेनिसला आत बसवून चावी पहिल्या खुणेपर्यंत फिरवायला सांगितली. पंप धड असेल तर टाकीतून दोन सेकंद गुणगुण ऐकू येते. मर्वनं जिवाचा कान करून ऐकलं. माश्यांच्या भणभणीशिवाय काही नव्हतं. त्यानं फ्यूज काढून उजेडात धरला. आतली तार शाबूत होती. पंपाला वीज सोडणारी डबी, म्हणजे रिले, काढून तिथं हॉर्नचा रिले लावून पाहिला, तरी तेच. मग तो गाडीखाली उताणा सरकला, टाकीजवळचा पंपाच्या वायरचा प्लग सोडवला आणि त्यात वीज तपासायच्या दिव्याची, टेस्टलॅम्पची, टोकं धरली. ग्लेनिसनं चावी फिरवली. दिवा लागला आणि दोन सेकंदांनी विझला. वीज इथपर्यंत नीट येत होती. म्हणजे पंपच अडकला होता.

आता काय करायचं ते त्याच्या हाताला पाठ होतं. हातोडा बाजूलाच होता. पण हात उचलेना. गाडी ओढून न्यावी, असं त्याच्या मनात आलं. एवढ्यात वरून ग्लेनिस सावकाश बोलू लागली.

"मर्व, एक गोष्ट मला चार वर्षं झोपू देत नाही. नरेल गाडी सोडून कुठंच गेली नाही. शेवटपर्यंत इथंच बसून राहिली. कुणाला सांगितलंच नव्हतं, तर मग ती वाट कुणाची बघत होती?"

उत्तर टाळायला म्हणून मर्वनं हातोडा उचलला आणि टाकीवर तीन ठोके मारले.

पेट्रोलचा वास एकाएकी दाट झाला. मग टाकीच्या आतून तीन ठोके आले. तसेच, तेवढ्याच अंतरानं. टाकीला टेकवलेल्या तळहाताला ते जाणवले.

"तूच ठोकतोयस ना?" ग्लेनिसनं वरून विचारलं.

"हो... मीच."

हातोडा तर त्यानं केव्हाच खाली ठेवला होता. पुन्हा तीन ठोके आले, या वेळी जोरानं, आणि पाठोपाठ टाकीत पंप गुणगुणू लागला.

"सुटला वाटतं," ग्लेनिस म्हणाली.

"चावी बंद करा, ग्लेनिस."

"चावी... माझ्या हातात आहे, मर्व. काढून घेतली मघाशीच."

मर्वनं छातीकडे पाहिलं. सोडवलेला प्लग त्याच्या शर्टावर पडला होता. तो अजून जोडलाच नव्हता. वीज येण्याला वाटच नव्हती, तरी पंप चालत होता. दोन सेकंद झाले, दहा झाले, थांबेना. चार वर्षं दाबून ठेवलेलं सगळं मर्वच्या तोंडून आपोआप बाहेर येऊ लागलं. नरेल थांबली होती, तीन ठोके, सहाचा फोन, आपण दिलेला शब्द. बोलता बोलता त्याला ग्लेनिसचे बूट जमिनीवर उतरताना दिसले. ते गाडीपाशीच उभे राहिले.

"मी झोपलो होतो," तो शेवटी म्हणाला. "आणि मग खोटं बोललो."

गुणगुण थांबली.

"म्हणजे तिनं सांगितलं होतं," ग्लेनिस म्हणाली.

"हो. तुमच्या लेकीचं काही चुकलं नाही. ती माझी वाट बघत होती."

बूट वळले आणि पुन्हा गाडीत चढले. मग तिनं प्लग जोडायला सांगितला. त्यानं जोडला. चावी फिरली, पंप दोन सेकंद चालून नेमका थांबला आणि गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. मर्व मागोमाग येतो म्हणाला. तुझी सोबत नको मला, असं तिनं खिडकीतून स्पष्ट सांगितलं. ती वॉरगुलाच्या पोलिसांकडे निघाली होती.

"सहाला फोन करते," ती म्हणाली. "या वेळी जागा राहा."

मर्व रोडहाऊसच्या फोनपाशी ताठ बसून राहिला. त्याला लाज वाटत होती आणि भीतीही, पण चार वर्षांत पहिल्यांदाच त्याला कुणाला फसवल्यासारखं वाटत नव्हतं. सहाला पाच मिनिटं कमी असताना फोन वाजला.

"पोचले," ग्लेनिस म्हणाली. "सार्जंटला सगळं सांगितलं. तो उद्या सकाळी येईल तुझ्याकडे."

"बरं."

"आणि मर्व... मी एकटीच बसले आहे इथं. पण सार्जंटनं न विचारता दोन ग्लास पाणी आणून ठेवलं. मी एक प्यायले. दुसऱ्याला हात लावला नाही."

मर्व ऐकत होता. ग्लेनिसचा आवाज आता अगदी हळू झाला होता, पण ती न थांबता बोलत होती, दुसऱ्या ग्लासातलं पाणी कमी कमी होत चाललंय म्हणून सांगत होती. आणि तिच्या बोलण्याच्या आडून, फोनच्या अगदी जवळ, कुणीतरी घटाघटा पाणी पीत होतं.