हात थांबवा

विश्वास बसला तर ठेवा, नाहीतर पुढची गोष्ट वाचा. माझं काही म्हणणं नाही. पण हे मी कुठे ऐकलेलं नाही की वाचलेलं नाही. माझ्या सख्ख्या आत्याच्या बाबतीत घडलंय, आणि त्या दाराबाहेर मी स्वतः उभी राहिले आहे.

आणि हो, मध्यरात्र वगैरे काही नव्हती. भर दुपार होती. गल्लीत सायकली चालल्या होत्या, समोरच्या गॅलरीत कपडे वाळत होते.

तरीही...

असो. पहिल्यापासून सांगते.

आत्याने आणि आतोबांनी सगळा जन्म भाड्याच्या घरात काढला. उतारवयात एकदाचं स्वतःचं घर झालं. जुनंच, पण दणकट. तीन खोल्या, मागे छोटं अंगण, आणि पुढे जाड लाकडी दार. त्या दाराला बेल नव्हती, लोखंडी कडी होती.

घर विकणारे एक आजोबा. बायको गेलेली, गुडघे गेलेले. लेकीने त्यांना आपल्याकडे नेलं होतं. किल्ल्या देताना आजोबा म्हणाले, "ताई, अधूनमधून येऊन बसलो तर चालेल ना? मधल्या खोलीत, खिडकीपाशी. पाच मिनिटं."

आत्या म्हणाली, "अहो, विचारता काय? तुमचंच घर आहे. केव्हाही या!"

आपण सगळेच असं म्हणतो. म्हणायचं म्हणून म्हणतो. पण आजोबांनी ते खरं धरलं.

रंगकाम सुरू झालं तसे आजोबा यायला लागले. आज आले, परवा आले, मग जवळजवळ रोजच. हळूच कडी वाजवायचे, चपला बाहेर काढायचे आणि मधल्या खोलीत उपड्या डब्यावर बसायचे. बसून नुसते गप्प राहिले असते तर प्रश्न नव्हता.

"ती भिंत ओल धरते हो, आधी सुकू द्या."

"इथे खिळा नका मारू, आतून वायर गेलीये."

"हिला हा रंग नसता आवडला..."

रंगारी मोठा वस्ताद माणूस. त्याने आजोबांचं नावच ठेवलं, 'इन्स्पेक्टर'. कडी वाजली की म्हणायचा, "आले बघा साहेब, तपासणीला!" आणि आत्या पदर तोंडाला लावून हसायची.

हे तिनेच मला सांगितलं. सांगताना मात्र तिची नजर जमिनीवर होती.

राहायला जायची घाई. भाड्याचं घर सोडायची तारीख डोक्यावर. सुतार गायब. त्यात मधल्या खोलीतली एक फरशी फुटलेली, आणि तसली नक्षी आता कुठे मिळेना. आत्या मेटाकुटीला आली होती. आजोबांसमोरच ती एकदा करवादली होती, "या एका फरशीपायी सगळी खोली भिकार दिसणार बघा!"

आजोबा फरशीकडे बघत बसले होते.

आणि मग ती दुपार.

आतोबा ऑफिसात. घरात आत्या आणि रंगारी, दोघंच. रंगारी पुढच्या खोलीत पत्र्याने जुना रंग खरवडत होता. खर्रर्र... खर्रर्र... आवाज पार गल्लीच्या टोकापर्यंत जात असणार.

तेवढ्यात कडी वाजली.

रंगाऱ्याने तोंड उघडलं. "आले इन्स्पे..."

आत्याने ओठांवर बोट ठेवलं. दाराकडे डोळे करून ती कुजबुजली, "श्श... हात थांबवा. बसेल थोडा वेळ आणि कंटाळून जाईल म्हातारा."

खरवडणं थांबलं.

घर एकदम चिडीचूप.

पुन्हा कडी वाजली. मग बाहेरून आवाज आला, "ताई... आहात का?"

आत्या भिंतीला टेकून उभी. श्वास रोखून. रंगारी शिडीवर, हात तसाच वर. दोघं एकमेकांकडे बघत होते. आधी हसू येत होतं. मग येईनासं झालं.

पायरीवर कोणीतरी टेकल्याचा आवाज झाला. एक खोकला. मग बराच वेळ काही नाही.

शेवटी आजोबा उठले. दाराच्या अगदी जवळ येऊन शांतपणे म्हणाले, "कामात असाल. चालू द्या."

आणि गेले.

आत्याने जरा वेळाने दार उघडलं. पायरीवर एक कापडी पिशवी होती. पिशवीत जुन्या वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेली एक फरशी. तीच नक्षी, तोच रंग. कधीतरी जास्तीची आणून ठेवलेली असणार, ती त्यांनी लेकीच्या घरातल्या अडगळीतून शोधून काढली होती. गुडघे धरून, ते ओझं घेऊन चालत आले होते.

आत्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी आतोबांनी विचारलं, "अरे वा! मिळाली कुठे फरशी?"

"मिळाली एका दुकानात," आत्या म्हणाली.

उद्या जाऊन आजोबांची माफी मागू, असं तिने ठरवलं. उद्या सुतार आला. परवा नळवाला आला. एकेक करत दिवस गेले, आणि मग निरोपच आला. आजोबा झोपेतच गेले.

थोड्या दिवसांनी त्यांची लेक आत्याच्या भाड्याच्या घरी आली. आत्याचे हात हातात घेऊन म्हणाली, "तुमचे आभार मानायचे होते. बाबा शेवटचे बाहेर पडले ते तुमच्याकडेच. घरी येऊन किती खुशीत सांगत होते! म्हणाले, ताईंनी चहा दिला, खिडकीपाशी खुर्ची मांडून दिली, मनसोक्त बसवून घेतलं."



सांगायचं होतं तिला. शब्द ओठांवर आले होते. पण लेकीचे डोळे भरलेले... आत्या म्हणाली, "अहो, त्यात काय एवढं."

"मीही येईन कधीतरी. बाबा बसायचे तिथे बसेन घटकाभर. चालेल ना?"

आणि आत्याच्या तोंडून आपोआप निघून गेलं, "तुमचंच घर आहे. केव्हाही या."

आत्या-आतोबा नव्या घरात राहायला आले आणि दुसऱ्याच आठवड्यात सुरुवात झाली.

आत्या भाजी घेऊन येत होती. आतोबा ऑफिसात. दाराला कुलूप. कुलपाला किल्ली लावणार, तोच आतून...

खर्रर्र... खर्रर्र...

भिंत खरवडल्यासारखं.

रंगकाम तर कधीच संपलं होतं. आत्याने घाबरत कडी हलवली.

आवाज थांबला.

एकदम. जणू कोणी हात धरला.

तिने कसंबसं कुलूप काढलं. घरात कुणीही नाही. भिंतीवर ओरखडासुद्धा नाही. फक्त कच्च्या चुन्याचा वास. तोही घटकाभरात गेला.

मग हे वरचेवर होऊ लागलं. आतोबा बरोबर असले की काही नाही. ती एकटी आली की आत काम चाललेलं, आणि कडीला हात लागला की थांबलेलं. आतोबा म्हणाले, "उंदीर असतील." आत्या काय बोलणार? खरं सांगायचं तर फरशीपासून सगळंच सांगावं लागलं असतं.

सगळ्यात वाईट काय, तर तिला आजोबांची भीती वाटत नव्हती. ते आले असते तर तिने पाय धरले असते. पण ते कधी आलेच नाहीत. आत जे कोणी होतं, ते आजोबा नव्हते. आजोबांना घरात असं लपून बसायची काय गरज?

मनाशी ती एकच गोष्ट घट्ट धरून होती. *मी कुजबुजले होते. दार जाड आहे. त्यांना फक्त शांतता ऐकू आली असेल, माझे शब्द नाही.* तेवढ्यावर ती रात्री झोपत होती.

मग आली ती दुसरी दुपार.

आत्या दुकानातून परतत होती. गल्लीच्या तोंडाशी आजोबांची लेक भेटली. हातात फुलं. "तुमच्याकडेच निघाले होते," म्हणाली. आत्या नाही कसं म्हणणार? दोघी बोलत बोलत दाराशी आल्या. आज सगळं सांगून टाकायचं, आत्याने ठरवलं होतं. आत नेऊन, खुर्चीत बसवून, सगळं.

दाराला कुलूप.

आणि आतून...

खर्रर्र... खर्रर्र...

लेक थबकली. "घरात काम काढलंय का?"

म्हणजे तिलाही ऐकू येत होतं! आत्या काही बोलायच्या आत लेकीने सवयीने हात पुढे केला आणि बापासारखीच हळूच कडी वाजवली.

आवाज थांबला.

गल्लीतलंही सगळं शांत झाल्यासारखं वाटलं.

आणि मग दाराच्या पलीकडून, अगदी जवळून, स्पष्ट...

"श्श... हात थांबवा. बसेल थोडा वेळ आणि कंटाळून जाईल म्हातारा."

आवाज आत्याचा होता.

लेकीने दाराकडे बघितलं. मग शेजारी उभ्या असलेल्या आत्याकडे. किल्ली हातात, तोंड मिटलेलं. बराच वेळ ती बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, असं आत्या सांगते. भीती असती तर बरं झालं असतं.

तिने फुलं पायरीवर ठेवली. आणि आजोबांचे शब्द तिला कोणी कधी सांगितले नव्हते, तरी ती म्हणाली...

"कामात असाल. चालू द्या."

आणि गेली. मागे वळूनही न बघता.

आत्या तिथेच पायरीवर बसली, जिथे आजोबा बसले होते. आता तिला कळलं होतं की त्या दाराआडची कुजबुज बाहेर कशी ऐकू येते. एकेक अक्षर. 'म्हातारा'सकट.

सगळं ऐकूनही त्यांनी घरी जाऊन चहा प्यायल्याचं सांगितलं होतं.

आत्या नंतर दोनदा लेकीच्या घरी गेली. दार उघडलं गेलं नाही. आत कुणी होतं की नव्हतं, तिला सांगता येत नाही.

आतोबांना तिने शेवटी सगळं सांगितलं. त्यांनी कडी काढून बेल बसवली. काही फरक पडला नाही.

मागच्या महिन्यात मी तिच्याकडे गेले होते, दुपारचीच. आत्या घरीच होती, फोनवर तसं म्हणाली होती. दाराशी पोचले तर दार बंद, आणि आतून भांड्यांचा आवाज येत होता. मी बेल दाबली.

भांडी थांबली.

मी वाट बघितली. हाक मारली. मग उलट पावली परत आले. रात्री आत्याचा फोन आला, "अगं, आली का नाहीस? मी दिवसभर दार उघडं टाकून बसले होते."